जर्मनीत होणाऱ्या सासरी पहिला ख्रिसमस: सोलापुरातून काय न्यावं, काय नेऊ नये?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. साखरपुडा झालाय, लग्न पुढच्या वर्षी. होणारा नवरा जर्मन, त्याचं घर स्टुटगार्टजवळच्या एका गावात. २०२६चा ख्रिसमस त्यांच्याकडे करायचा ठरलंय. २१ डिसेंबरला निघून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आत परत. घरात त्याचे आईवडील, भाऊ-वहिनी आणि त्यांची लहान मुलगी. मी अंडं खाते, मांस-मासे नाही.

आईची यादी तयार आहे: सहा चादरी, दोन किलो शेंगा चटणी, कडक भाकरी, पेढे, सासूबाईंना साडी आणि ओटी. यातलं काय चालतं? व्हिसाचं कधी सुरू करू? आणि तिथे त्या तीन दिवसांत नेमकं काय काय असतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

विजापूर_वेस

काय ताई, सासरी चाललीस का दुकान टाकायला? सहा चादरी म्हणजे निम्मी बॅग तिथंच संपली की.

सात_रस्ता

आधी व्हिसा, चादरी नंतर.

तुला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा) 'सी' प्रकारचा व्हिसा लागेल. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कागद अपुरे वाटले तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर अर्ज करणं हा जुगार झाला. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज आत गेलेला बरा. दिवाळीच्या सुट्टीत अपॉइंटमेंटला गर्दी होते हेही धर.

फी मोठ्यांना ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा, दोन कोरी पानं हवीत आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. प्रवास विमा ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि जाण्याच्या दिवसापासून येण्याच्या दिवसापर्यंतचा. लोक इथेच घोळ करतात. विमान मध्यरात्रीनंतरचं असतं, विमा एक दिवस उशिरा सुरू होतो आणि काउंटरवरून परत पाठवतात.

प्रवासाच्या कारणात 'पर्यटन' लिहू नकोस. 'कुटुंब किंवा मित्रांना भेट' हेच लिही, साखरपुडा झाल्याचंही लपवू नकोस. त्या घरून साधं निमंत्रणपत्र, सहीसह, आणि यजमानाच्या ओळखपत्राची प्रत. खर्च तू स्वतः करणार असशील तर तीन महिन्यांचं शिक्का मारलेलं बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, आयकर विवरण आणि ऑफिसचं रजापत्र. रजापत्रात कामावर परत रुजू होण्याची तारीख असलीच पाहिजे. व्हिसा अधिकाऱ्याला तू परत येणार याची खात्री हवी असते, आणि होणारा नवरा तिथेच असताना ही शंका साहजिकच जास्त. खर्च ते करणार असतील तर त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढावं लागेल. त्याला 'फेअरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात, फी २९ युरो. तिथे वेळ मिळायलाच काही आठवडे जातात, म्हणून त्याला आत्ताच सांग. मूळ प्रत लागते, स्कॅन चालत नाही.

बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) पुणे केंद्रावर जाता येईल. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं तर अपॉइंटमेंट दुपारची घे. गाडी लेट झाली तर सकाळची वेळ हातची जाते.

आणि एक. या व्हिसावर जाऊन 'आता आलोच आहोत तर लग्न करून इथेच राहू' असं होत नाही. लग्न करून राहायचा व्हिसा वेगळा, तो इथूनच काढायचा.

होटगी_रोड

यादीतलं खाण्याचं बघू.

पेढे पूर्ण बाद. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरगुती वापरासाठी थोडेसेसुद्धा. खवा, पेढे, बर्फी, पनीर, तूप सगळं त्यात आलं. पाव किलोच आहेत म्हणून सोडत नाहीत. सापडले तर फेकतात, न सांगता नेले असतील तर दंडही होऊ शकतो.

ताजी फळं, भाज्या, पानं, फुलं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. म्हणजे कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, विड्याची पानं, गजरा घरीच राहू दे. यातून फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. ओटीचा नारळ त्यामुळे युरोपात चालतो. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर अडतात. तेलाचं प्रमाण जास्त, पेट घेण्याचा धोका, म्हणून चेक-इन सामानातसुद्धा घेत नाहीत. ओटी भरायचीच असेल तर खण आणि सुपारी ने, तांदूळ तिथले घे.

शेंगा चटणी, कडक भाकरी, काळं तिखट, हळद, तिळगूळ हे सगळं वनस्पतीजन्य आणि कोरडं, याला अडचण नाही. चटणी आणि तिखट चेक-इन बॅगेतच टाक, मिरचीची पूड केबिनमध्ये घेत नाहीत.

चटणी खलबत्त्यातली, तेल सुटलेली असते ती खायला छान, प्रवासाला वाईट. विमानात सामानावर दाब कमी-जास्त होतो, डबा घट्ट नसेल तर तेल झाकणातून पाझरतं आणि कपडे गेले. दुकानात 'कोरडी, कमी तेल सुटलेली, मध्यम तिखट' असं सांगून २५० ग्रॅमची सीलबंद पाकिटं करून घे. ती जाड झिपच्या पिशवीत, मग स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती जुना टॉवेल. दोन किलो कशाला? अर्धा किलो भरपूर झाली. तिथे कुणी भाकरीबरोबर चमचाभर खाणार नाही. एक चमचा चटणी चार चमचे घट्ट दह्यात कालवून ठेवली की उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात.

कडक भाकरी उभ्या रचायच्या नाहीत, त्यांचा भुगा होतो. आडव्या, दोन-दोन भाकऱ्यांमध्ये कागद, डब्यात वरून रुमाल दाबून, की हलता कामा नये. घरात कुणाला गव्हातलं ग्लूटेन चालत नसेल तर ज्वारीची भाकरी खायला घालता येईल असं वाटतं, पण ज्या गिरणीत गहूही दळतात तिथलं पीठ अशा माणसाला देऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे आधी विचार. विशेषतः लहान मुलीला. नुसतं 'चालतं का' विचारू नकोस, 'कुणाला ॲलर्जी आहे का' असं स्पष्ट विचार.

चाटी_गल्ली

चादरींबद्दल.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. बाजारात दुसरीकडून आलेला मालही त्याच नावाने विकतात, म्हणून विणकराकडून किंवा खात्रीच्या दुकानातूनच घ्या. ओळखायची साधी खूण: जकार्ड मागावर विणलेली नक्षी दोन्ही बाजूंना दिसते आणि रंग उलटसुलट असतात. उलट्या बाजूला नक्षी नसेल, नुसतेच लोंबते धागे असतील किंवा रंग वरून छापलेला असेल, तर ती नको.

साधारण ६० बाय ९० इंचाची, म्हणजे १५२ बाय २२८ सेंटिमीटरची सिंगल चादर बघा. जर्मनीत नवरा-बायको एका पलंगावर झोपले तरी प्रत्येकाची दुलई वेगळी, बहुधा १३५ बाय २०० ची. त्यामुळे डबल चादर तिथे बिछान्यावर नीट बसत नाही. सिंगल चादर सोफ्यावर टाकायला किंवा संध्याकाळी पायांवर घ्यायला वापरतात. आईवडिलांना एक, भाऊ-वहिनींना एक. बास. दुकानात काट्यावर ठेवून वजन करून घ्या आणि मगच ठरवा. हवा काढायच्या पिशवीने जागा वाचते, वजन नाही.

रंग निवडताना लाल-हिरव्या-पिवळ्याचा मोह आवरा. तिकडच्या घरांत भिंती पांढऱ्या, सोफा करडा. निळा-पांढरा, मातकट, गडद लाल हे चालून जातात. मोर किंवा कोयरीची नक्षी बरी.

धुण्याचं सांगितल्याशिवाय देऊ नका. तिकडे कापूस म्हटला की मशीन ६० अंशांवर लावायची सवय. गडद रंगाची चादर पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडते आणि गरम पाण्यात आटतेही. म्हणजे बाईंचे पांढरे टॉवेल गुलाबी. इथेच एकदा थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून भिजवून, धुऊन, उन्हात न घालता सावलीत वाळवून न्या. सोबत कार्डावर जर्मनमध्ये लिहा: ३० अंश, वेगळी धुवावी, ड्रायरमध्ये घालू नये.

साडी देणार असाल तर त्या बाई ती नेसणार कधी? खणाचं कापड दोन मीटर द्या, टेबलावर मधोमध अंथरायला. ते रोज दिसेल.

जुळे_सोलापूर

आई म्हणते दोनच चादरी दिल्या तर लोक काय म्हणतील. 😄 पण धन्यवाद. होटगी_रोड, ॲलर्जीचं आज रात्री विचारते.

लष्कर_कट्टा

कुठले लोक काय म्हणतील, सोलापूरचे की स्टुटगार्टचे? स्टुटगार्टचे काही म्हणत नाहीत.

क्रम समजून घे. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत मुख्य दिवस २५ डिसेंबर. जर्मनीत मुख्य वेळ २४ची संध्याकाळ, 'हायलिगआबेंट'. भेटवस्तू त्याच संध्याकाळी उघडतात, २५ला सकाळी नाही. २५ आणि २६ दोन्ही सरकारी सुट्ट्या. २५ला मोठं जेवण, २६ला आजी-आजोबा, काका-मामांकडे जाणं-येणं. सहा-आठ नवी माणसं भेटतील ती बहुधा २६ला, तेव्हा छोट्या भेटी त्या दिवसासाठी राखून ठेव.

२४ला दुपारी कॉफी आणि केक, मग चर्च, मग जेवण, मग भेटवस्तू. काही घरांत हाच क्रम उलटा. झाड काही घरांत २४लाच सजवतात, लहान मुलांना खोलीत येऊ देत नाहीत आणि घंटी वाजली की दार उघडतात. दक्षिणेत भेटवस्तू 'क्रिस्टकिंड' म्हणजे बाळ येशू आणतो असं मुलांना सांगतात. तू त्या चिमुरडीला 'सांताने काय आणलं?' विचारू नकोस, घरात काय सांगतात ते आधी विचारून घे.

काही घरांत झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात, जवळ पाण्याची बादली असते. रेशमी किंवा नायलॉनचा पदर, ओढणी झाडापासून हातभर लांब. साडी नेसणार असशील तर पदर पिनने लावून घे, फिरता ठेवू नकोस.

चर्च: प्रोटेस्टंट घर असेल तर दुपारी चार ते सहाच्या दरम्यानची उपासना, कॅथलिक असेल तर रात्री उशिराची मिसा. चर्चमध्ये थंडी असते, कोट अंगावरच ठेवायचा. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गाणी पुस्तकात असतात. गाता आलं नाही तरी पुस्तक उघडं धर. कॅथलिक मिसेत भाकरीचा प्रसाद घ्यायला रांग लागते, तिथे आपण जायचं नाही, जागेवरच बसायचं. आपल्याकडे प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, तिथे न घेणंच बरोबर. शेवटी दानपेटी फिरते, ५-१० युरोची नोट खिशात ठेव. प्रोटेस्टंट चर्चमध्ये हे पैसे 'ब्रोट फ्युर डी वेल्ट' या मदतकार्याला जातात, कॅथलिकांमध्ये 'आडवेनियाट'ला.

जायचं नसेल तर तसं आधी सांगितलं तरी चालतं. बरेच लोक जातच नाहीत.

निळी_सायकल

पायावर डोकं ठेवायचं का, हा प्रश्न येणारच. माझं मत: नाही. समोरचा माणूस गडबडतो, वाटतं बाई पडली. हात मिळवायचा, डोळ्यात बघायचं, मिठी त्यांनी पुढे केली तर घ्यायची.

विजापूर_वेस

असं कसं, संस्कार आहेत की नाही? एकदा वाकलं तर काय बिघडायलंय. होणाऱ्या नवऱ्याने आधी सांगून ठेवायचं, आमच्यात असं करतात म्हणून.

निळी_सायकल

आधी सांगून ठेवलं तर हरकत नाही, अचानक नको एवढंच म्हणायचंय. सासूला काय म्हणायचं तेही त्यालाच विचार. बहुतेक घरांत मोठी माणसं स्वतःहून सांगतात, मला नावाने हाक मार म्हणून. मग 'आई' आणि 'अहो' शोधत बसू नकोस, नावानेच हाक मार. न मारणं परकं वाटतं.

सात_रस्ता

भेटवस्तूंबद्दल दोन गोष्टी लोकांना अडचणीत आणतात.

एक, समोर उघडणं. आपल्याकडे पाकीट घेऊन बाजूला ठेवतात, नंतर बघतात. तिथे देणाऱ्यासमोरच उघडायचं, एका वेळी एक जण, बाकीचे बघत असतात. बाजूला ठेवलंस तर आवडलं नाही असा अर्थ निघतो. कागद सावकाश काढ, वस्तू हातात घेऊन बघ, लगेच आभार मान.

दुसरं, किती आणि कुणाला. काही घरांत प्रत्येकाने प्रत्येकाला, काही घरांत मोठ्यांनी चिठ्ठी काढून एकालाच, रक्कम ठरवून. 'विख्टेल्न' म्हणतात त्याला. तुमच्यात कसं असतं हे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच विचारायचं. २० युरोची मर्यादा असताना तू सोन्याची नथ दिलीस तर समोरचा ओशाळतो. आहेराचं पाकीट सासू-सासऱ्यांना देऊ नये.

कागदात गुंडाळणं तिथे गेल्यावर. इथून बांधून नेलंस तर तपासणीत फाडतील. विमानाने येणाऱ्याला ४३० युरोंपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय नेता येतात, भेटवस्तूही त्यातच मोजतात. पावत्या जवळ ठेव.

काळं_तिखट

शाकाहारींसाठी खरी अडचण ताटात दिसणाऱ्या मांसाची नाही, न दिसणाऱ्याची.

२४च्या संध्याकाळी कित्येक घरांत साधं जेवण असतं: बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. सॉसेज सोडून सॅलड खाऊ असं वाटतं. पण श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या पट्ट्यात, त्या सॅलडला मेयोनेज नसतं. गरम बटाट्याच्या चकत्यांवर रस्सा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट आणि तेल घालतात, आणि तो रस्सा बहुधा मांसाचा असतो. तेव्हा 'गेम्युजेब्र्युए' म्हणजे भाजीचा रस्सा वापराल का, असं आठवडाभर आधी सांगायचं. त्याची पूड कुठल्याही दुकानात मिळते, त्यांना काही जड नाही. ताटात वाढल्यावर विचारलं तर मात्र यजमानीणबाईंचा चेहरा पडतो.

तसंच लाल कोबी. शिजवताना बदकाची किंवा डुकराची चरबी घालायची पद्धत आहे. ब्रेडच्या गोळ्यांत कधी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. श्पेट्सलेत (तिथल्या जाड शेवया) अंडं असतं, ते तुला चालतं. चीज घातलेले श्पेट्सले हे तुझं हक्काचं जेवण. माउलटाशनमध्ये (सारण भरलेल्या पिठाच्या पुड्या) बहुधा मांस, पण भाजीचे वेगळे मिळतात. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन. श्टोलन केकमधले बेदाणे रममध्ये भिजवलेले असतात, दारू अजिबात चालत नसेल तर लेबकूखन (मसाल्याची बिस्किटं) आणि मार्झिपान (बदामाची मिठाई) घे. रॅक्लेट असेल तर मजा आहे, प्रत्येकाची छोटी तवली वेगळी, खाली आपलं आपलं चीज वितळवायचं. फक्त वरच्या सामायिक तव्यावर मांस भाजतात, तिथे तुझे बटाटे ठेवू नकोस.

पेला उंचावताना ज्याच्या पेल्याला पेला लावायचा त्याच्या डोळ्यात बघायचं. दारू नको तर सफरचंदाच्या रसात सोडा, 'आप्फेलशोर्ले'. कुणी आग्रह करत नाही, आपल्यासारखं 'घ्या हो, घ्या हो' नसतं. त्याची दुसरी बाजू: तू एकदा 'नको' म्हणालीस की भांडं पुढे गेलं. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हण.

जुळे_सोलापूर

बटाट्याच्या सॅलडचं कुणीच सांगितलं नव्हतं! आपलं काही करून घालायचं मनात आहे. आमटी-भात? भाकरी?

काळं_तिखट

भाकरी नको. बहुतेक घरांत काचेची इलेक्ट्रिक शेगडी, ज्योत नाही, भाकरी फुगणार कुठे? गोल बुडाची कढईही त्यावर बसत नाही. कडक भाकरी नेतेच आहेस, ती आमटीत चुरून खायला दे.

२४ला स्वयंपाकघर त्यांचं, तिथे पाऊल टाकू नकोस. २५ला ओव्हन दिवसभर अडकलेला. २७ बरा.

तूरडाळ शोधत बसू नकोस. लाल मसूर डाळ प्रत्येक सुपरमार्केटात असते, कुकर लागत नाही. सहा जणांना २५० ग्रॅम डाळ, सव्वा लिटर पाणी, अर्धा छोटा चमचा हळद. उकळी आली की फेस वर येतो, तो काढ आणि झाकण तिरकं ठेव. मसूर पंधरा मिनिटांत शिजते, वीस मिनिटं ठेवलीस तर लगदा. फोडणीला तीन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, पाच पाकळ्या लसूण, एक कांदा, दोन टोमॅटो. काळं तिखट एक सपाट छोटा चमचा, एवढंच. घरी घालतेस त्याच्या पाव. हवं त्याला वेगळ्या वाटीत दे. चिंचेऐवजी शेवटी अर्धं लिंबू, सुपारीएवढा गूळ.

काय बिघडतं: काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. आपण गॅस बंद केल्यासारखं बटण फिरवून उभे राहतो आणि लसूण जळतो. भांडंच उचलून बाजूला ठेवायचं. तिखट तेलात टाकलंस की खाट उठतो, आणि जर्मनीत घरोघरी धूर-सूचक यंत्र लावणं कायद्याने बंधनकारक आहे. ते किंचाळायला लागेल. चिमणी तेल तापायच्या आधी चालू कर, खिडकी उघड, आणि तिखट फोडणीत न टाकता टोमॅटोबरोबर टाक. हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर लगेच पूस, डाग जात नाही.

होटगी_रोड

२७चं सामान २७ला मिळणार नाही! यंदा २४ डिसेंबर गुरुवार. दुकानं दुपारी दोनच्या सुमाराला बंद. शुक्रवार-शनिवार सुट्टी, २७ला रविवार, आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंदच असतात. म्हणजे गुरुवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत काही नाही. मोठ्या स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी. डाळ, टोमॅटो, लिंबू २३ला आणून ठेव. तुझी नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह इथूनच ने. गरज पडली तर रात्री-सुट्टीच्या डॉक्टरसाठी ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

ख्रिसमसचे बाजार बहुतेक २३ किंवा २४लाच उठतात. २१ला निघून २२ला पोहोचलीस तर २२ची संध्याकाळ आणि २३ एवढंच हातात. गरम मसाल्याच्या वाइनचा मग अनामत रकमेवर देतात, परत केला की पैसे परत. बिनदारूचं हवं तर 'किंडरपुन्श'.

सात_रस्ता

फ्रँकफुर्टला उतरून रेल्वेने जाणार असशील तर स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं, विमान लेट झालं तरी दुसऱ्या गाडीत चालत नाही. इमिग्रेशनला आता फोटो-नोंदणीची नवी यंत्रणा आहे, ख्रिसमसच्या आठवड्यात रांग असणार. मध्ये तीन तास ठेव किंवा कुठल्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घे. आणि मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन त्याच सकाळचं विमान पकडायचा विचार करू नकोस.

हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे. संध्याकाळी सातला भेटवस्तू उघडताना तुझ्या शरीराचे साडेअकरा वाजलेले असतात. २३ला दुपारी झोपू नकोस, बाहेर चाल. साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा सकाळचंच ऊन घ्यायचं.

निळी_सायकल

कपडे: एकच जाड स्वेटर घेऊ नकोस. बाहेर शून्याच्या आसपास, घरात वीस अंश. आत थर्मल, वर पातळ लोकर, वर वारा अडवणारा कोट, म्हणजे घरात गेल्यावर काढता येतं. घरात बूट काढतात, तेव्हा भोक नसलेले मोजे आणि सपाता. सकाळी खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवतात, कुणी विसरलं समजून लावू नकोस. खोबरेल तेल तिथे गोठतं, बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या डबीत ने.

जुळे_सोलापूर

विचारलं. पुतणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चांगलीच तीव्र, घरात इंजेक्शन ठेवलेलं असतं. आता चटणीचं काय? बंद डब्यात ठेवून मोठ्यांनीच खाल्ली तर?

होटगी_रोड

नाही. बंद डबासुद्धा नको. चमचा, ओटा, हात, दाराची मूठ, कुठूनही लागतं. शेंगा चटणी, दाण्याचं कूट, चिक्की, शेंगदाणा घातलेला चिवडा, सगळं यादीतून काढ. जी बॅग नेणार आहेस तिच्यात आधी शेंगा नेल्या असतील तर ती पुसून घे.

पर्याय म्हणून जवस किंवा कारळाची चटणी. पण बाजारची नको, तिथे त्याच खलबत्त्यात शेंगा कुटतात. घरी मिक्सरचं भांडं, झाकण, रबरी कडं काढून साबणाने धुऊन कर. तिळाचीही ॲलर्जी असू शकते, तेही विचार. कडक भाकरी ज्या ठिकाणाहून घेशील तिथे शेंगा चटणी शेजारीच भरत असतील, तर त्याही सोड किंवा घरी कर.

काळं_तिखट

काळं तिखटही घरचंच घे, तीळ न घालता. डंकावर कांडून आणायचं नाही. फोडणीला तिथलंच सूर्यफुलाचं तेल.

विजापूर_वेस

मग आता बॅगेत जागा झाली की. तिसरी चादर बसतीय बघ.

चाटी_गल्ली

तिसरी नको. त्या पोरीसाठी लहान टेरी टॉवेल घ्या, त्यावर तिचं नाव विणून देणारे आहेत. नावाची अक्षरं जर्मन स्पेलिंगने कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. विणून मिळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीआधी ऑर्डर द्या.

जुळे_सोलापूर

ठरलं. दोन चादरी, एक टॉवेल, दोन मीटर खण, जवसाची चटणी. व्हीएफएसची अपॉइंटमेंट ऑक्टोबरची बघते. चादरीला मीठ किती म्हणालात, एका बादलीला?

चाटी_गल्ली

दहा लिटरच्या बादलीला मूठभर, साधारण ५० ग्रॅम. रात्रभर नको, दोन तास पुरे. पाणी रंगीत दिसलं तर घाबरू नका, पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत बॅगेत भरू नका.